अडीच किलोच्या आतली रायफल

शेवटी रायफल घेतली नाही आणि दिलीपकाका डोंगरावर गेले नाहीत. हे असं झालं. आता हे झालंच नाही असं धरून चालू. दत्ताही तसंच धरून चालतो आणि ऑफिसात त्याला अजून कोणी काही म्हणालेलं नाही.

तर मार्च महिना आहे. नेदरलँड्समधल्या आल्मेरेतल्या फ्लॅटमध्ये दत्ता आणि त्याची बायको मृदुला जेवतायत आणि खालच्या मजल्यावरचे दिलीपकाका दारात उभे आहेत. काका फार वर्षांपूर्वी ठाण्याहून नोकरीसाठी इथे आले, डच मुलीशी लग्न केलं आणि तिच्या नादानं शिकार शिकले. दोघं दर सप्टेंबरात नॉर्वेच्या डोंगरात रेनडिअरच्या मागे जायचे. रस्ता संपला की पुढे दोन दिवस पायी. आनेकेकाकू गेल्या आणि ते थांबलं.

"दत्ता, तुला कॉम्प्युटरवर सगळं सापडतं," काका म्हणाले. "या वर्षी जावं म्हणतोय. एक हलकी रायफल बघून दे. साधी बोल्ट ॲक्शन, दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची. जुनी आता जड होते."

दत्तानं आयुष्यात बंदूक एकदाच धरली होती, जत्रेत, फुगे फोडायला. फुगे शाबूत राहिले होते. पण वस्तू निवडणं हा त्याचा प्रांत. मिक्सर निवडायला त्याने चार महिने घेतले होते.

"तेवढे दिवस आम्ही चटणीशिवाय काढले," मृदुला काकांना म्हणाली. "तुम्ही आत्ताच विचार करा."

काका हसले. दत्ता कामाला लागला. टायटॅनियमची बॉडी, कार्बन फायबरची नळी, पोकळ दस्ता. हलकी रायफल धक्का जास्त देते हेही त्याला कळलं. समुद्रसपाटीच्या खाली राहून तो डोंगरावरच्या रायफलींबद्दल ठाम मतं बाळगू लागला. आल्मेरेत चढ म्हणावा असा एकच, कालव्यावरचा सायकलचा पूल.

रविवारी काका चहाला यायचे. दत्ता ग्रॅम सांगायचा. काका मध्येच विचारायचे, "तुझ्याकडे डोंगरात चालायचे बूट आहेत का रे?"

दत्ताला मुद्दा पटला. त्याने बुटांचं वजनही हिशेबात धरलं.

"थंडी सोसते का तुला?" काकांनी एकदा विचारलं.

दत्तानं थंडीत नळी आकसते का ते शोधून काढलं. आकसते, पण नगण्य.

"शस्त्र आहे, तर दसऱ्याला घ्या ना," मृदुला म्हणाली.

"रेनडिअर पंचांग बघत नाहीत गं," काका म्हणाले. "सप्टेंबरात हंगाम संपतो."

जूनमध्ये दोघं दुकानात गेले. विमानतळावर जायच्या आधी बॅगा तोलायचा हुकाचा काटा दत्तानं सोबत घेतला होता. त्याने एकेक रायफल काट्याला टांगली. डच माणूस तोंडावर बोलतो, तरी दुकानदार मुकाट पुढची रायफल काढून देत राहिला.

काकांनी एक रायफल खांद्याला लावली. बोल्ट मागे घेतला, पुढे ढकलला. "छान आहे. हीच घेऊ या."

"काका, दोन किलो सहाशे. वर दुर्बीण लावली की गेली तीनच्या पुढे. नोव्हेंबरात नवं मॉडेल येतंय, अडीचच्या आत."

"नोव्हेंबरात काय मारू? डास?"

"मग पुढच्या वर्षी जा. घाई काय आहे? डोंगर कुठे पळून जातोय?"

"डोंगर नाही जात," काका म्हणाले आणि रायफल दुकानदाराला परत दिली.

नवं मॉडेल आलं, ते फेब्रुवारीत. त्याच महिन्यात काकांच्या छातीत दुखलं. हुइसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, नेहमीसारखं पॅरासिटामॉल घ्या असं न सांगता थेट हॉस्पिटलात पाठवलं, तेव्हाच सगळ्यांना समजलं की प्रकरण गंभीर आहे. तिथे म्हणाले, चढ बंद, सपाटीवर चाला. या देशात ते पाळायला सोपं होतं. काकांनी शिकारीचा परवाना परत केला, जुनी रायफल विकून टाकली.

दत्ता भेटायला गेला. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणाला, "काका, ती आली. दोन किलो तीनशे साठ."

काका खिडकीशी बसले होते. "जुनी काय वाईट होती रे," ते म्हणाले. "अर्धी वाट ती आनेके खांद्यावर घ्यायची. त्यामुळे कधी जड वाटली नाही."

दत्ता म्हणाला, "काका, मग मला सरळ चल म्हणायचं होतंत."

"विचारत होतो की. दर रविवारी."

मग त्यांनी चहा करायला सांगितला. दत्तानं केला. साखर विसरला. काकांनी तो तसाच संपवला.

दुसऱ्या दिवशी दत्तानं ऑफिसातून नॉर्वेच्या शिकार खात्याला अर्ज पाठवला. इंग्रजीत तो उद्धट वाटत होता, डचमध्ये तर फारच. म्हणून त्याने तो मराठीत लिहिला.

महोदय, अर्जदार हा शिकारी नसून केवळ सोबती आहे. सोबतीस जाण्यास अर्जदार सर्वतोपरी सक्षम होता, परंतु त्याच्या ते वेळीच लक्षात आले नाही. रायफलीच्या वजनाबाबत अर्जदाराची आता कोणतीही हरकत नाही. सबब, मागील वर्षीचा सप्टेंबर महिना दोन इसमांकरिता पुन्हा खुला करण्यात यावा, ही विनंती.