पोरांना झेपेल असं काहीतरी

"आत्या म्हणते, मासे घ्या," सहा वर्षांच्या थोरलीने दुकानाच्या दारातच जाहीर केलं.

"माशेच घ्या," धाकट्याने री ओढली. त्याचं नाक वाहत होतं.

आईने ओठ घट्ट मिटले. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना "आ करा, अजून मोठा" सांगायची, पण घरी स्वतःचं तोंड उघडायला तिला जागाच नसायची. भूक लागली, आत्या. गुडघा फुटला, आत्या. वाईट स्वप्न पडलं तरी शेजारच्या पलंगावर आत्या हजर. नणंदबाई महिनाभर मदतीला म्हणून आल्या होत्या. त्या महिन्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

आज मात्र दवाखाना बंद ठेवून ती पोरांना एकटीने घेऊन आली होती. आपला पहिला प्राणी आईने आणला, हे पोरं जन्मात विसरणार नव्हती.

"आज आपण आईच्या पसंतीने घेऊ या," ती म्हणाली.

"पण आईला प्राण्यांतलं काय कळतं?" थोरली म्हणाली.

दुकानदाराला अचानक खोकला आला. हसू लपवायचा खोकला. "पहिल्यांदाच घेताय का, ताई?"

"हो. पोरांना झेपेल असं काहीतरी दाखवा. आणि आधीच सांगते, आमच्या घरात केसांचं वावडं आहे. शिंका सुरू झाल्या की थांबत नाहीत. डोळे सुजून टुम्म होतात."

दुकानदाराने धाकट्याच्या नाकाकडे पाहिलं आणि "च् च्" केलं. आईने रुमाल काढून ते नाक पुसलं.

"मग डोळे मिटून मासे न्या."

"बघ!" थोरलीने टुणकन उडी मारली. "आत्याला सगळं कळतं!"

आईची कानशिलं तापली. पण न तपासता औषध लिहून देणाऱ्यांतली ती नव्हती. ती प्रत्येक पिंजऱ्यापुढे थांबली.

"हा गिनीपिग?"

"गळतात केस, पण बेताचे."

"हॅमस्टर?"

"मुठीएवढा जीव, त्याचे केस ते किती!"

"आणि हा?"

कोपऱ्यात एक पांढरा ससा बसला होता. ससा कसला, पिंजलेल्या कापसाचा ढीगच. त्यालाच पुढे दोन दात फुटलेले.

"त्याच्या वाटेलाही जाऊ नका," दुकानदाराने हात जोडले. "दिवसातून दोनदा विंचरा, तरी गळतोच. पडद्यांवर केस, गाद्यांवर केस..."

"उशांवरसुद्धा?"

"उशांच्या आतसुद्धा!"

"झाडून पुसून जात नाहीत?"

"ताई, एक वेळ माणूस घर सोडून जाईल, पण याचे केस जायचे नाहीत."

आईने शांतपणे मान डोलावली. एक्स-रे बघताना डोलवायची तशी.

धाकट्याने जाळीतून बोट आत घातलं. सशाने ते हुंगलं. पोरगं खुदकन हसलं.

"आई, बघ ना, किती मऊ!"

आज सकाळपासून त्याने पहिल्यांदाच "आई" म्हटलं होतं. ती पटकन त्याच्याशेजारी उकिडवी बसली. "हवाय तुला, सोन्या?"

धाकट्याने गंभीरपणे विचार केला. "आत्याला विचारून सांगतो."

आई उठली. साडीची चुणी नीट केली.

"हा ससा द्या," ती म्हणाली. "पिंजरा मोठा द्या. पोरांच्या खोलीत ठेवणार आहोत."

दुकानदार चपापला. "अहो ताई, पण या बाळाला त्रास..."

"त्याला साधी सर्दी आहे हो," आई गोड हसली. "केसांचं वावडं त्याच्या आत्याला आहे."