पंख? स्वच्छ.

“दारं?”

“बंद.”

“पुरेसं.”

“इंधन?”

शेवटची जोडी उलटी पडली होती. उत्तर आधी, प्रश्न मागून. कप्तान बांग दोक-सूच्या ते लक्षात आलं नाही. यादी वाचणाऱ्या उपवैमानिक ओक जे-ह्यॉनच्याही नाही.

दिवसाची चौथी फेरी. जेजूहून सेऊल, सेऊलहून जेजू, पुन्हा सेऊल, आणि आता शेवटची, घरी, जेजूला. सलग सहावा दिवस. ओक पहाटे तीनला उठला होता आणि आता दुपारचे दोन वाजले होते. शर्टाच्या खिशात थकव्याचा अर्ज होता. मंगळवारीच भरला होता, सही तेवढी राहिली होती.

कप्तानाला खिशातून डोकावणारा कागद दिसला.

“अजून दिला नाहीस?”

“उतरल्यावर देतो, साहेब.”

“दे की. अर्ज दिला म्हणून कंपनी कुणाला शिक्षा करत नाही. नुसतं लक्षात ठेवते.”

मुख्य हवाईसेविका प्यो रान-ही दारातून डोकावली. “एकशे ऐंशी. सगळे बसलेत, वरचे कप्पे अर्धे रिकामे. नाहीतर जेजूहून येताना! संत्र्यांच्या पेट्या चढवून माझी कंबर मोडते. अख्खं बेट सेऊलच्या पाहुण्यांना संत्री पोचवत असतं. जाताना काय, नवीन लग्न झालेली जोडपी. एकमेकांना धरून बसतात, सामान कमी.”

“चांगलंय की,” कप्तान म्हणाला.

“चांगलंच आहे. मी कुठे वाईट म्हटलं?”

ती गेली.

बाहेर अर्धा तास बर्फ पडून नुकतंच थांबलं होतं. बर्फ वितळवणारं औषध फवारणाऱ्या गाड्यांपाशी अकरा विमानं रांगेत उभी होती. त्या रांगेत लागलं तर दोघांचे कामाचे तास तिथेच संपणार, फेरी रद्द होणार, आणि एकशे ऐंशी माणसं खाली उतरून रान-हीच्या नावाने ओरडणार.

“ओक, जाऊन पंख बघून ये. स्वच्छ असले तर सुटलो.”

“आलोच.”

पंखावरचा बर्फ दाखवणारा काटा नाही, दिवा नाही. मिठाएवढा खरखरीत थर पंखावर बसला तरी विमान जमीन सोडतं आणि मग वर राहत नाही. तो थर बघायला माणसाचे डोळेच लागतात. आज प्रत्येक फेरीला ओकच उठला होता. जेजूलाही सकाळपासून बर्फाळ पाऊस होता.

कॉकपिटबाहेरच्या ओट्याशी रान-ही कागदी पेल्यात कॉफी ओतत होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेला त्याच्याच हातात दिला.

“घ्या, ओकसाहेब. आणि आरशात बघू नका, घाबराल.”

मागून कुणीतरी घंटी वाजवली, तशी ती गेली. ओकने भिंतीला पाठ टेकली, एक घोट घेतला. जीभ भाजली.

चौदावी रांग. तिथून पंख पुरता दिसतो. खिडकीशी एक आजी बसल्या होत्या, मांडीवरची पेटी दोन्ही हातांनी धरून.

“आजी, जरा बघू?”

“काय बघतोस बाळा?”

“पंख.”

“आहेत की दोन्ही. मी चढताना मोजले.”

त्यांनी पेटीचं झाकण उचकटून एक संत्रं त्याच्या हातात कोंबलं. “खा. किती वाळलायस. घरी जेवू घालतं का कुणी?”

त्यांच्या पांढऱ्या कुरळ्या केसांवरून ओक वाकला. पंख ओला होता, पण स्वच्छ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तो पलीकडच्या खिडकीशी गेला. तोही स्वच्छ.

“तुम्ही अजून इथेच?”

रान-ही समोर उभी होती. ओक भिंतीपासून सरळ झाला. पेल्यातली कॉफी गार झाली होती.

“निघालोच,” तो म्हणाला आणि आपल्या जागेवर येऊन बसला.

“पंख?”

“स्वच्छ.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

कप्तानाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “नक्की ना? तुझं तोंड बघितलं की मला माझंसुद्धा नाव खरं वाटत नाही.”

ओकने कोटाच्या खिशात हात घातला. संत्रं होतं, गार, गोल. गेलाच नसता तर हे आलं असतं कुठून?

“नक्की, साहेब.”

कप्तानाने फवारणीच्या रांगेतून नाव काढायला सांगितलं.

ते त्या अकरा विमानांच्या शेजारून पुढे गेले. फवारणीच्या उंच पाळण्यात उभ्या असलेल्या एका कामगाराने त्यांच्या विमानाकडे बघून हात वर केला. कप्तानाने आतून हात हलवला. ते बरेच पुढे गेले तरी तो माणूस हात हलवतच होता.

“प्रेमळ दिसतोय,” कप्तान म्हणाला.

धावपट्टी. परवानगी मिळाली. कप्तानाने जांभई गिळत इंजिनांची ताकद वाढवली.

“एकटाच कॉफी पिऊन आलास. माझ्यासाठी काही नाही.”

“संत्रं आहे. वर गेल्यावर अर्धं अर्धं करू.”

“कुठून आणलंस?”

“चौदाव्या रांगेतल्या आजींनी दिलं. पेटीभर घेऊन चालल्यात.”

“बरं आहे.”

विमान धावू लागलं. काटा शंभरावर आला, ओकने आकडा म्हटला. काटा पुढच्या खुणेवर आला, त्याने तीही म्हटली. त्या खुणेनंतर थांबायला धावपट्टी उरत नाही.

“उचला.”

कप्तानाने दांडा मागे ओढला. चाकांची घरघर थांबली, आणि तेव्हा कुठे तो हसला.

“जेजूला? संत्र्यांची पेटी घेऊन जेजूला कोण जातं रे?”