सरसर

"थांब हं चिमणे, पाणी पिऊन येतो," बाबा म्हणाले, आणि मागोमाग धप्पकन आवाज झाला.

"बाबा? अहो बाबा!"

फोनमध्ये नुसती मंद सरसर. कंपनीच्या टेलिफोन खोलीत ती रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभी राहिली. समोर स्क्रीनवर बाबांच्या घरच्या फोनचा दिवा हिरवा होता, म्हणजे फोन जोडलेला होता. तो तिनेच हौसेने बसवला होता, ऑफिसचं एक्स्टेन्शन इंटरनेटवरून थेट घरी. मी एकटा कुठला, लेक ऑफिसात बसून पहारा देते, असं बाबा गल्लीभर मिरवायचे.

तिच्या हाताखालचा वायरमन दुसऱ्या फोनवर अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांशी बोलत होता. "ताई, गाडी निघालीय. शेजारी फोन उचलत नाहीत. हे विचारतायत, श्वास चालू आहे का?"

"लाइन चालू आहे रे, सरसर येतेय की..." आणि तिची नजर स्क्रीनवरच्या सेटिंगवर गेली.

ती सरसर बाबांच्या घरातली नव्हतीच. इथलंच यंत्र ती करत होतं. बाबांकडचं इंटरनेट मरतुकडं, आवाज तुटायचा, म्हणून परवाच तिने मोठ्या शहाणपणाने काटकसरी कोडेक निवडला होता. कोडेक म्हणजे आवाजाची घडी घालून पाठवायची रीत. हा मोठ्याने बोललेलं तेवढं पाठवतो. श्वास, कण्हणं, बारीकसारीक सगळं कचऱ्यात. वर ऐकणाऱ्याला फोन बंद पडला असं वाटू नये म्हणून पदरची सरसर भरतो. मेल्याने इतका वेळ तिला खोटा धीर दिला होता.

"मोठा कोडेक लावते. श्वाससुद्धा येईल त्यात."

"ताई, त्यासाठी फोन कापावा लागेल. परत नोंद झालीच नाही तर?" वायरमनचा आवाज चिरकला. "त्या घरचा फोन आधीच नखरेल."

खरं होतं ते. एकदा तुटला की त्याला इथल्या एक्स्चेंजकडे नव्याने हजेरी लावावी लागायची, आणि कधी कधी तो लावायचाच नाही. पण ही सरसर कवटाळून बसायचं तरी कशाला? तिने कोडेक बदलला आणि फोन कापला.

दिवा लाल झाला. लालच राहिला. ती स्क्रीनपुढे हात जोडून "ये ना, ये ना" पुटपुटत राहिली.

हिरवा!

तिने नंबर लावला. बाबांना उठायला नको म्हणून तिकडचा फोन आपोआप स्पीकरवर उचलला जाईल, ही सोयही तिचीच. उचलला गेला.

आणि घर आलं. अख्खं घर. इतकं स्वच्छ की तिने डोळे मिटून घेतले.

"ताई, येतंय का ऐकू?" वायरमनने विचारलं. "यांना काय सांगू?"

"नळ ठिबकतोय," ती म्हणाली. "घड्याळ चाललंय. पंख्याची ती करकर... खाली कुणीतरी गाडी सुरू करतंय..."

"ताई, श्वास?"

"थांब ना!" ती ओरडली. "अजून ऐकतेय मी. पडदा हलतोय. पडदासुद्धा ऐकू येतोय."