उजव्या हाताने

गढूळ पाण्यात विजेरीचा उजेड दोनदा हलला. मागोमाग हंबीरराव दरवाजाच्या खाचेतून बाहेर आले आणि त्यांनी आडवा हात गळ्यावरून फिरवला. यंत्र गेलं, हवा दे.

धरणाच्या तळाशी, अठ्ठेचाळीस मीटर पाण्याखाली, प्रसेनजीत त्यांच्याकडे सरकला. अकरा वर्षांत ही खूण त्याने फक्त सरावात पाहिली होती.

दोघांच्या पाठीवर सारखीच यंत्रं होती. सोडलेला श्वास चुन्याच्या डब्यातून गाळायचा, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि तोच परत तोंडात द्यायचा, हे त्यांचं काम. यंत्र फसलं तर वर येण्यापुरत्या दोन बाटल्या. पण दरवाजाच्या अरुंद खाचेत शिरायचं तर कुशीला बाटल्या लटकवून चालत नाही. म्हणून दोघांत मिळून एकच जोडी घेतली होती, आणि ती बाहेर थांबणाऱ्या प्रसेनजीतच्या अंगावर होती. डाव्या कुशीला खोल पाण्याची बाटली. उजव्या कुशीला जवळजवळ निव्वळ प्राणवायू, शेवटच्या सहा मीटरसाठी.

"अन् दोघांची यंत्रं एकदम बंद पडली तर, दादा?" त्याने सकाळी विचारलं होतं.

"एकदम बंद पडायला ती काय सरकारी हैत व्हय, मर्दा?" हंबीरराव म्हणाले होते. होडीवाला कृष्णात पोट धरून हसला होता. प्रसेनजीतही हसला होता. आपण भित्रे आहोत हे त्याने कधीच मान्य करून टाकलं होतं.

हंबीररावांनी त्याला हे काम शिकवलं. मुरगूडच्या बुद्धविहारामागच्या गल्लीतला हा पोरगा त्यांनी हाताला धरून पाण्यात उतरवला, त्याच्यासाठी ठेकेदाराशी भांडले. काल दुपारी त्यांनी त्याला शाहूवाडीच्या आपल्या घरी जेवायला नेलं. जेवण झाल्यावर प्रसेनजीतने स्वतःचं ताट स्वतःच उचललं आणि परसात नेऊन धुतलं. कुणी धू म्हटलं नव्हतं. राहू दे, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आता हंबीररावांच्या तोंडात काहीच नव्हतं. जबडा घट्ट मिटलेला, डोळे काचेमागे मोठे झालेले. प्रसेनजीतचा उजवा हात आपोआप कुशीकडे गेला. कुणाला काही द्यायचं ते उजव्या हाताने, हे त्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने उजवीची नळी ओढली आणि हंबीररावांच्या तोंडासमोर धरली.

हंबीररावांनी ती ढकलली.

त्याने पुन्हा धरली. त्यांनी पुन्हा ढकलली, या वेळी त्याच्या मनगटावर जोराने हात मारून. गुदमरणारा माणूस हवा नको म्हणत होता. मग प्रसेनजीतला एकाएकी कारण कळलं. थंडगार पाण्यात त्याचे कान तापले. त्याने डाव्या हाताने दुसरी नळी काढली, तिच्या तोंडाला आपली बोटं लागणार नाहीत अशी खाली धरली आणि मान वळवून पुढे केली. हंबीररावांनी ती हिसकावून दातांत धरली. बुडबुड्यांचा मोठा लोट वर गेला.

तिथून वर यायला पाऊण तास लागला. नळी जेमतेम दीड हाताची, त्यामुळे दोघांना समोरासमोरच राहावं लागत होतं. अंगात मुरलेला वायू हळूहळू सुटावा म्हणून टप्प्याटप्प्याला थांबायचं, दोरी धरून मिनिटं मोजायची. बाटलीचा काटा खाली येत होता. आता प्रसेनजीतचं यंत्र गेलं तर त्याच्यासाठी काहीच शिल्लक नव्हतं. दोघांच्या डब्यांत सकाळी एकाच पोत्यातला चुना भरला होता. त्याला जिभेवर चुना ओला झाल्याची कडू चव लागल्यासारखं व्हायचं, मग तो भास ठरायचा, मग पुन्हा लागायची. त्याचा श्वास लहान लहान होत गेला. हंबीरराव त्याच्या दंडाला घट्ट धरून होते आणि तो त्यांच्या खांद्यापलीकडच्या हिरवट अंधाराकडे बघत होता.

सहा मीटरवर हंबीररावांनी डावीची नळी सोडली. स्वतःच हात लांब करून त्याच्या उजव्या कुशीची नळी ओढली आणि सरळ तोंडात घातली.

प्रसेनजीत बघतच राहिला. मग त्याने दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली. इथे औषध असलेला हा वायू तळाशी विष होता. तिथे चार घोट घेतले असते तर हंबीररावांना झटके आले असते, नळी सुटली असती आणि तो त्यांच्याकडे नुसता बघत राहिला असता.

होडीत आल्यावर हंबीरराव बराच वेळ उताणे पडून होते. मग उठून बसले. त्यांना बोलायची घाई झाली होती.

"कृष्णात, ह्या गड्यानं आज मला वाचीवलं बघ. गडबडीत आधी उजवी पुढं केलीन. म्या ढकलली. दुसरा असता तर तीच तोंडात कोंबली असती. ह्यानं बराब्बर वळकलं न् डावी दिली." ते प्रसेनजीतकडे वळले. "तसल्या घाईत तुला कळलं कसं रं?"

"न्हाय कळलं, दादा."

"मग डावी का दिलीस?"

प्रसेनजीत हातातल्या पट्ट्याची गाठ सोडवत राहिला.

"सकाळी डावी तुम्ही तोंडाला लावून बघितलीसा, उजवी मी," तो म्हणाला. "मला वाटलं, माझी उष्टी नको असंल तुम्हाला."