माहेरचं वळण

"डिस्क ब्रेक बसवले तर गाडी मूळची राहणार नाही, मालक. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेतून बाद होईल," मेकॅनिक म्हणाला.

"होऊ दे. जुने ड्रम ब्रेक काढ," उदयसिंह म्हणाले.

त्या लाल, उघड्या स्पोर्ट्स कारवर त्यांचा जीव होता. पण गेल्या वर्षी आंबोली घाट उतरताना ड्रम तापले, ब्रेक लागेनासे झाले आणि गाडी दरडीला घासत कशीबशी थांबली. तेव्हापासून त्यांची बायको कुमुदिनी त्या गाडीत बसली नव्हती. रिकाम्या सीटशेजारी बसून बक्षिसं मिळवण्यात त्यांना गोडी उरली नव्हती.

नवे ब्रेक बसल्यावर त्यांनी तिला विचारलं, "सावंतवाडीला, माहेरी सोडतो. येतेस?"

ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. मग "चला" म्हणाली आणि दार घट्ट धरून बसली.

घाटात धुकं उतरलं होतं. वळणावळणावर ब्रेक अलगद लागत होते. गाडी ढगातून तरंगत खाली येत होती.

"बघितलंस?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या खांद्यावर मान टाकून ती गाढ झोपली होती.

तिच्या माहेरचं वळण आलं. तिची झोप मोडू नये म्हणून उदयसिंह तसेच पुढे, समुद्राच्या वाटेला लागले.