पडद्याखालच्या ओळी

टीव्हीवर नाटक सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती आणि रविकांत तिसऱ्यांदा सोफ्यावरून उठले.

"कुठे निघालात? तुमचंच नाटक लागलंय," प्रभा म्हणाली.

"चहा टाकतो."

चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपणहून चहा टाकल्याचं प्रभाला आठवत नव्हतं.

नाटक रविकांतांनीच लिहिलेलं, बापाचं कामही त्यांचंच. इथे कॅनडात, मिसिसागाच्या हॉलमध्ये मराठी मंडळापुढे सहा प्रयोग झाले, सहाही वेळा लोक रडले. त्यांची एकुलती एक मुलगी ऊर्मी प्रत्येक प्रयोगाला शेजारच्या ओकव्हिल गावाहून यायची आणि टाळ्या वाजवून जायची. 'जेवलीस का, निघालीस का' याच्या पुढचं मराठी तिला कळत नाही, या भरवशावर तर त्यांनी मनातलं सगळं नाटकात ओतलं होतं. आता इथल्या लोकल चॅनलने त्याचं टीव्हीसाठी चाळीस मिनिटांचं रूपांतर केलं, आणि पडद्याखाली इंग्रजी ओळी टाकल्या. हे रविकांतांना आत्ता, ऊर्मीच्या शेजारी बसल्यावर कळलं.

"फायनली!" ऊर्मी हरखून म्हणाली. "आय कॅन फॉलो इट, बाबा!"

स्वयंपाकघरातून त्यांनी दबक्या आवाजात दिग्दर्शकाला, अनुपला, फोन लावला. "हॉस्पिटलचा सीन कापलास ना रे?"

"काय काका! तोच तर बेस्ट सीन आहे. पूर्ण ठेवलाय."

गॅसवरचा चहा तसाच सोडून ते बाहेर आले. रिमोट ऊर्मीच्या मांडीवर होता. "त्या ओळी बंद कर गं. चेहरा दिसत नाही."

"सिट, बाबा. प्लीज."

ते बसले नाहीत. पडद्यावरचा बाप रिकाम्या पाळण्यापाशी गेला. आपण इतकं चांगलं काम करायला नको होतं, असं रविकांतांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"मुलगी झाली म्हणून तीन दिवस मी हॉस्पिटलात पाय ठेवला नाही," बाप म्हणाला. खाली इंग्रजी ओळ आली आणि गेली.

ऊर्मीने मान वळवली. "बाबा? इज दॅट मी?"

सहा प्रयोगांत मिळून रविकांतांना एवढी भीती वाटली नव्हती. "अगं, इट्स ओन्ली अ नाटक. लिहावं लागतं असं काहीतरी."

प्रभाने टीव्हीवरची नजर काढली नाही. मुलीला नीट कळावं म्हणून ती इंग्रजीत म्हणाली,

"नॉट थ्री. फाइव्ह. थ्री इज फॉर द प्ले."