आधी हात कोणी जोडायचे

"मालिनी, आधी हात जोडायचे नाहीत. आपण मुलाकडचे. आज वाकलीस तर कायमची वाकशील," मोठे दीर मोरेश्वर तिच्या कानाशी पुटपुटले.

"मान माझी आहे, भाऊजी. कुठे वाकवायची ते मी बघेन."

अमेरिकेत, रेडमंडच्या त्या अपार्टमेंटच्या दारात दोन आया समोरासमोर उभ्या होत्या. आत मालिनी, मिहीरची आई. बाहेर भिजकी छत्री घेऊन नोई, होणाऱ्या थाई सुनेची, प्लॉयची आई. नमस्कार दोघींकडचा जवळपास सारखाच. पण दोघींचेही हात खालीच. हॉलमधल्या पाहुण्यांच्या गप्पा बंद पडल्या.

"आई, त्यांच्यात मुलाकडचे-मुलीकडचे असलं काही नसतं," मिहीर घायकुतीला आला होता. "वयाने लहान असेल त्याने आधी करायचा. झालं!"

"मग वय विचार की तिचं."

"आई! इथे बायकांना वय नाही विचारत."

"ती काय इथली आहे? विचार."

प्लॉयने विचारलं. नोई रागावली नाही. उलट सुटल्यासारखी हसली. चौसष्ट.

"माझी आई पासष्ट," मिहीर लगेच म्हणाला.

"चला, मिटलं!" मोरेश्वर खुलले. मुलाकडची पत राहिली.

नोईने छत्री भिंतीला टेकवली. तिचे हात वर येऊ लागले. मालिनीने पुढे होऊन ते मधेच धरले.

"थांबा बाई. खोटा नमस्कार मी घेत नाही."

तिने स्वतःचे हात जोडले. प्लॉय करायची तसे, बोटांची टोकं नाकाला लागेपर्यंत वर नेले. मान खाली घातली आणि थाईत नमस्कार म्हणाली, "सवात्दी खा."

नोईने गडबडून नमस्कार परत केला. आत कोणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि मोरेश्वरांचं तोंड बघून थांबलं.

"वेड लागलं का तुला? पासष्टची आहेस तू!"

"एकसष्टची."

मालिनी वळली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लग्नात बापाने अठराची सांगितली. चौदाची होते, भाऊजी. मला बघायला तुम्हीच आला होतात. मी अंगणात लगोऱ्या खेळत होते. तुम्हीच म्हणालात, आधी हिला साडी नेसवा."